फिनेलची झारी आणि गोजाबाईची काळी

मित्रांनो, मी एक जुनी झारी आहे, रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याची. सोलापूरच्या ज्ञानबा पत्रेवाल्याने मला घडवले आणि आगगाडीने मी जेऊरला हरिबा-गोजाबाईच्या घरी आले. हरिबाची मेंढरे, तर कोंबड्या गोजाबाईच्या. खुराड्यात फिनेल शिंपडायचे, एवढेच माझे काम. पण माझा रुबाब काय सांगू! मला पाहताच कोंबडासुद्धा वाट सोडायचा.

त्या वर्षी मात्र कोंबड्या रोगाने पटापट मरू लागल्या. खुराड्यात खाली अंथरलेल्या भुईमुगाच्या टरफलांचा जाड थर होता. विष्ठेसकट तो तिथेच मुरवायचा आणि पेरणीआधी खत म्हणून रानात टाकायचा, तोवर त्याला हात लावायचा नाही, हा हरिबाचा शिरस्ता. रोज तो त्या थरावरच मला रिती करी आणि म्हणे, "वास हाय न्हवं? मग औषध बी हाय."

शेवटी उरली एकटी काळी कोंबडी, तीही पाटीत अंड्यांवर बसलेली. तीही गेली तर खुराडे ओस पडणार.

मेंढरे तपासायला आलेले गुरांचे डॉक्टर कमलाकरराव खुराड्यात डोकावले.

"हरिबा, वास राहतो, ताकद राहत नाही. या घाणीत फिनेल संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. आधी हे सगळं काढा, जमीन घासून धुवा, वाळू द्या. मग शिंपडा."

"पर सायेब, खत अजून मुरलं न्हाय की!"

"खड्ड्यात मुरवा तुमचं खत!" गोजाबाईने पदर खोचला. "हितं माजी काळी मरायची येळ आली."

तिने पाटी उचलून घरात नेली आणि खराटा घेतला. मला कोपऱ्यात बसवून खराट्याला मान! माझा पत्रा नुसता तापला. खराट्यामागून घासणे, धुणे झाले, दार उघडून जमीन वाळवली, तेव्हा कुठे माझी पाळी आली. उघड्या जमिनीवर माझा थेंब न् थेंब कामी आला. इतके दिवस माझे औषध त्या घाणीनेच खाल्ले होते. जमीन पुन्हा वाळल्यावर नवी टरफले पसरली आणि काळीची पाटी जागेवर आली.

पुढे एका सकाळी काळी पिल्लांचे लटांबर घेऊन टरफले उकरू लागली. हरिबा दारात हुंगत उभा.

"अगं, वास येत न्हाय. औषध संपलं जणू!"

"वासाचं काय घिऊन बसलाय? पिल्लं मोजा की!"

तो मोजू लागला, पण ती एका जागी थांबतील तर ना!

मित्रांनो, मला हात लावण्याआधी खराटा उचला. मला राग येईल, येऊ द्या. पिल्ले जगतील.