जवसाचं झबलं

माझी दोन लेकरं पाचवी पुजायच्या आधीच गेली. तिसरी पोरगी झाली तवा माझी माय म्हनली, "बाबा, पाच घरचं जुनं कापड मागून आन. मागितल्याल्या कापडात लेकरू जगतंय."

ब्याऐंशी साल. समद्या बोरी गावाला टेरिकॉटचं येड लागल्यालं. चार घरी तेच भेटलं. चैताचं ऊन, अन ते कापड घाम पीत न्हाई. पोरगी नुसती लालेलाल.

पाचवं घर ओढ्याकाठी, दगडाबाईचं. धनगराची म्हातारी, एकटी. नवरा घोंगड्या इनायचा. तो गेल्यावर तेच्याच मागावर हिनं जवसाचं कापड इनायला घेतलं. लोकं जवस पेरतेत तेलासाठी, चटनीसाठी. ही त्या काड्या ओढ्यात कुजवायची, कुटायची, सालीचे धागे, वाक, काढून सूत कातायची.

घरी कुनी नव्हतं. काट्याच्या कुपाटीवर कापड वाळत व्हतं, राखाडी, मऊ, हाताला गार. मी हाक मारली... खोटं कशाला बोलू, मारलीच न्हाई. उचललं अन आलो.

माझ्या बायकोनं, कासाबाईनं, झबलं शिवलं. पोरगी निवांत झोपली. सकाळी बघतो तर झबलं चिंब.

"मुतली आसंल," म्हनलं मी.

"मुताला ओढ्याचा वास येतो व्हय ओ?"

उन्हात कडकडीत वाळवलं. अंगात घातलं की तासाभरात ओलं. ते काढून माझं धोतर गुंडाळलं, तर तेबी ओलं. परत झबलंच चढवलं. झबलं घातल्यापास्नं तिसऱ्या दिशी पोरगी गार पडली, दूध वढंना. पाचवी उद्यावर आली व्हती.

"खरं सांगा," कासाबाई म्हनली, "मागून आनलं का?"

मी पायतान धुंडाया लागलो.

"ओ, तुमाला इचारायले मी!"

भर दुपारचा पळत ओढ्यावर गेलो. दगडाबाई गुडघाभर पान्यात वाकून तळ चाचपडायली.

"काय धुंडायलीस, मावशे?"

"माझं कापड. सरनावर न्यायला इनलं व्हतं. तीन दिस झाले, पान्यात हात घातला की लागतंय. वर काढलं की कायबी न्हाई."

मी पाय धरले. "मीच नेलं, मावशे."

म्हातारी चिडली न्हाई. "तरीच. मऊ मऊ लागायलं हाताला. काल गरम व्हतं, आज गार लागलं. लेकरू हाय ना त्याच्यात?"

मी मान हालवली.

"आता तरी माग की, मुडद्या!"

"दे गं, मावशे."

"दिलं. नाव काय ठिवलंस?"

"आजून न्हाई."

"मग नाव बी माग. माजंच घे. दगड मरत न्हाई."

ती घरी आली. पोरीच्या कानाला तोंड लावून तीनदा "दगडी" म्हनली. पोरगी कळवळून रडली अन आईला लुचली. झबल्याला हात लावला तर कोरडं ठाक.

म्हातारी निघाली. शेजारचा सटवाजीकाका ओट्यावरून वरडला, "ओ दगडाबाई, च्या घिऊन जावा की!"

म्हातारी वळली न्हाई. बहिरी न्हवती ती, पर चालतच ऱ्हायली.

"दगडाबाई! ओ!"

मांडीवरल्या पोरीनं, चार दिसाच्या, दूध सोडून हाकंकडं मान फिरवली.

कासाबाईनं पोरीवर पदर वढला. "काका, त्या नावानं म्हातारीला हाक मारू नगा आता," ती म्हनली. "ते माज्या पोरीचं हाय."