उजवा खालचा कोपरा

जुना कॉम्प्युटर कागदावर कसा मारतात ते मला विचारा. ते माझंच काम. नंबराचं स्टिकर हेअर ड्रायरने गरम करायचं, नखाने सोलायचं, रजिस्टरात चिकटवायचं. झालं, मशीन 'सुरक्षितपणे नष्ट'. मालक शिक्का मारून प्रमाणपत्र देतात आणि शाळा, बँका, दवाखाने ते फ्रेम करून भिंतीवर लावतात. मशीन मात्र अख्खंच्या अख्खं मागच्या दाराने ट्रकमध्ये चढतं. "मोठ्या भट्टीला जातं," मालक एकदा म्हणाले होते. मी पुन्हा विचारलं नाही. पगार वेळेवर होत होता, दुसरं काही कारण नाही.

माझ्या अंगठ्याचं नख लहानपणी दारात चेमटून चिरलं, ते तसंच राहिलं. त्यामुळे स्टिकरचा उजवा खालचा कोपरा फाटून मशीनवरच राहतो. सहा वर्षांत एकही स्टिकर धड सोललं नाही. मालक हसायचे, "तुझी सहीच आहे ती."

माझी थोरली बहीण, ताई, नवरा गेल्यापासून घरासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुटे भाग काढते. दलाल टेम्पोने माल आणून टाकतो. कोळशावर तवा, तव्यावर मशीनच्या पोटातली हिरवी प्लेट. शिशाचा टाका वितळला की चिमट्याने चिप उचलायची. वायरी जाळून तांबं काढायचं. धूर गोडसर येतो, घशात बसतो. त्या धुरात माझी पाच वर्षांची भाची, ठकी, खेळायची. आता नुसती बसून असते. वर्षापूर्वी वीसपर्यंत आकडे घडाघडा म्हणायची. हल्ली सातावर अडते आणि आपल्या तोंडाकडे बघत राहते.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. "शिसं आहे. बरंच आहे. घरात काय जाळता?"

"चूल," ताई म्हणाली. पापणीसुद्धा हलली नाही तिची.

दवाखान्यातून मी ताईबरोबर थेट तिच्या शेडमध्ये गेलो. "ताई, हे आजच्या आज बंद कर."

"करते की. तू येणार आहेस रोज आम्हा दोघींना जेवायला घालायला? पंख्याखाली बसून कागद सोलतोस आणि अक्कल मला शिकवतोस!"

मी रागाने ढिगाऱ्याला लाथ घातली. एका मशीनचं झाकण उलटं पडलं. त्यावर गोंदाचा चौकोन होता, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात नखाएवढा कागद. मी दुसरं झाकण उलटलं. तिसरं. मग उलटत सुटलो.

"काय शोधतोयस?"

"ताई, ही सगळी माझ्या हातची आहेत."

ती हसली. "म्हणजे तूच पाठवतोस होय मला? मग जरा हलक्या पेट्या पाठव म्हणावं, पाठ मोडते." मग माझं तोंड बघून तिचं हसू थांबलं.

एका झाकणावर कुणा पोरीने पेनाने बेडूक काढला होता. तो मी सोलताना पाहिलेला, मुलींच्या शाळेच्या लॉटमधला. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका सोमवारी प्रमाणपत्र न्यायला येणार होत्या. मी झाकण चादरीत गुंडाळून घेऊन गेलो.

सोमवारी मुख्याध्यापिका समोर बसल्या असतानाच मालकांच्या टेबलावर मी रजिस्टर उघडलं आणि झाकण शेजारी ठेवलं. रजिस्टरातलं फाटकं स्टिकर झाकणावरच्या कोपऱ्याला लावून दाखवलं. कोपऱ्यावरचा शेवटचा आकडा बसून नंबर पुरा झाला, फाटही जुळली.

"हे कुठे मिळालं?" बाईंनी विचारलं.

"माझ्या बहिणीच्या दारात. माझी भाची याच्यावर बसून असते."

मालक उठले. "अरे, जाळते तुझीच बहीण ना? मग आधी तीच आत जाईल, समजलं का?"

हे त्यांचं खोटं नव्हतं. तरी मी खिशातला तक्रारीचा कागद काढून बाईंच्या हातात दिला. "पहिलं नाव तिचंच लिहिलंय. दुसरं माझं. तिसरं यांचं."

बाईंनी तो कागद पोलिसांत दिला, मालकांच्या दाराला सील लागलं. टेम्पो यायचा थांबला. ताईला दोनदा बोलावून जबाब घेतला, पुढचं अजून कुणी सांगत नाही. ती माझ्याशी बोलायची बंद झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शिसं हळूहळू उतरेल. गेलं ते परत येईल का? त्यावर त्यांनी पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली.

नवव्या दिवशी गेलो तर ताई तोच तवा राखेने घासत होती. घरात भाकरीसाठी घ्यायला. मी तो तिच्या हातातून हिसकावून पोत्यात बांधला.

"आता टाकशील कुठे?" नऊ दिवसांतलं तिचं पहिलं वाक्य.

पोतं घेऊन मी रस्त्यापर्यंत गेलो. भंगारवाल्याने तवा डोळे झाकून घेतला असता. पण उद्या तो दुसऱ्या कुणाच्या दारात कोळशावर चढला असता, आणि माझे हात पुन्हा स्वच्छ! मी परत आलो आणि पायरीवर बसलो, पोतं मांडीवर घेऊन.

आत ठकी आकडे म्हणत होती. पाच. सहा. सात.

"आठ," ताई म्हणाली. थांबली. पुन्हा म्हणाली, "आठ गं, ठके."

मी कान देऊन बसलो होतो.