कधीपर्यंत हवंय?

घरात तिला कोणी नावाने हाक मारत नसे. लहानपणापासून ती 'चौकशी'. पाहुणा उंबरठ्यात पाय ठेवायचा अवकाश, की ही पुढे. कुठून आलात, कशाने आलात, वाटेत थांबलात का, थांबलात तर का थांबलात? वडील शिंपी. ते म्हणायचे, "अंगरखा शिवायला घेताना मी गिऱ्हाइकाला जेवढं विचारत नाही, तेवढं ही पाण्याचा पेला देताना विचारते." पुढे तिने ग्रंथालयशास्त्राच्या पदविकेला प्रवेश घेतला, तेव्हा काकांनी कपाळाला हात लावला. "पुस्तकांवरची धूळ झटकायला शिक्षण लागतं होय?" चौकशीने त्यांना उलट विचारलं, की तुम्ही शेवटचं ग्रंथालयात कधी गेला होतात? काका त्यावर पेपर वाचू लागले.

ही गोष्ट तिच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशीची.

परीक्षा कॉलेजच्या ग्रंथालयातच होती. एकेका विद्यार्थ्याने संदर्भाच्या टेबलावर बसायचं. शेजारी खुर्ची टाकून बाहेरून आलेले परीक्षक बसणार. ते एक अवघड प्रश्न देणार, त्याचं उत्तर पुराव्यासह शोधायचं, आणि मध्येच खरा वाचक आला तर त्यालाही बघायचं. परीक्षक निवृत्त ग्रंथपाल होते. हसू आलंच तर रुमालाने पुसून टाकतील असा त्यांचा चेहरा. चौकशीच्या आधी बसलेला मुलगा डोळे पुसत बाहेर पडला होता.

तिला मिळालेला प्रश्न असा, की एकाच शास्त्रज्ञाचं जन्मसाल दोन कोशांत वेगवेगळं दिलंय, त्यातलं खरं कोणतं आणि कशावरून? तिने दोन्ही कोश उघडून ठेवले होते. तिसरा उतरवायला ती उठणार, एवढ्यात टेबलासमोर एक मुलगी येऊन उभी राहिली. लांब वेणी, विज्ञान शाखेतली असावी, कारण अंगात प्रयोगशाळेतला पांढरा कोट होता.

"केमिस्ट्रीचे मोठे कोश कुठे आहेत?" वेणीवालीने विचारलं.

उत्तर सोपं होतं. उजवीकडचं तिसरं कपाट. बोट दाखवलं की झालं, आणि चौकशीला आपल्या शास्त्रज्ञाकडे परत जाता आलं असतं. बोट उचललंही गेलं तिचं. पण वर्गाला शिकवणाऱ्या बाई वर्षभर एकच गोष्ट घोकून घेत आल्या होत्या. वाचक मागतो एक आणि त्याला हवं असतं भलतंच. बोट दाखवून मोकळं होऊ नका, विचारा.

आणि या मुलीकडे ना वही, ना पेन. कोटाची एक बाही कोपरापर्यंत भिजलेली. पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

"कोशात नेमकं काय बघायचंय तुम्हाला?"

"कॉस्टिक सोडा. म्हणजे त्याचे गुणधर्म. असाइनमेंट आहे."

"गुणधर्म म्हणजे? कशावर काय परिणाम होतो, असं काही?"

"हो, तेच. कशाने तो... कशाने त्याचा जोर कमी होतो, ते." वेणीवाली कपाटांकडे बघत होती. "तुम्ही नुसतं कपाट सांगा ना."

परीक्षकांनी खाकरून कोशांकडे नजर टाकली. तुमचं काम तिकडे राहिलंय, असा त्याचा अर्थ. तरी शिकवलेल्या प्रश्नांतला शेवटचा चौकशीने विचारलाच.

"कधीपर्यंत हवंय?"

"आत्ता."

"आत्ता म्हणजे आज संध्याकाळपर्यंत, की..."

"आत्ता म्हणजे आत्ता!" वेणीवालीचा आवाज चिरकला. वाचनकक्षातल्या दोन-तीन माना वर झाल्या. तिने ओठ दाताखाली दाबले.

चौकशी टेबलाच्या बाहेर आली आणि हळू आवाजात म्हणाली, "इकडे ये. काय झालंय? इथे बोललेलं इथेच राहतं."

मग बांध फुटावा तसं ते बाहेर आलं. वसतिगृहातल्या त्यांच्या खोलीबाहेरचं बेसिन कधीचं तुंबलं होतं. तक्रार करून करून तोंड दुखलं. शेवटी हिनेच प्रयोगशाळेतून कॉस्टिक सोड्याचं पाणी पाण्याच्या बाटलीत भरून आणलं, बेसिनमध्ये ओतलं आणि उरलेलं खाटेखाली ठेवलं. आज खोलीतली मैत्रीण खेळून आली, घामाघूम, आणि तिने खाली वाकून हाताला लागली ती बाटली तोंडाला लावली.

"किती प्यायली?"

"एक घोट. बराचसा थुंकला तिने. पण ओठ पांढरे पडलेत आणि गिळता येत नाहीये तिला." वेणीवालीने फोन पुढे केला. "यात लिहिलंय मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची. नाहीतर लिंबाचा रस द्यायचा. आमच्याबरोबरची तिसरी तिथे मीठ कालवून बसलीय. मी सांगितलं, पुस्तकात बघून येते दोन्हींतलं कुठलं द्यायचं, मग फोन करते."

"आधी फोन कर. काहीही पाजू नको म्हणावं. ग्लास खाली ठेव म्हणावं."

"पण यात..."

"लाव फोन!"

आपण ग्रंथालयात ओरडलो, हे चौकशीच्या नंतर लक्षात आलं. घाईत वेणीवालीचा फोन दोनदा भलतीकडेच लागला. फोन पुढे केला तेव्हाच चौकशीने त्यावरचं ते पान बघून घेतलं होतं. लिहिणाऱ्याचा पत्ता नाही, तारीख नाही, वर केस दाट करायचे उपाय आणि खाली वजन घटवायचे. माणसाच्या घशाचा प्रश्न कोणी असल्या ठिकाणी सोडवतं का? पण घाबरलेल्या माणसाला जे पहिलं दिसतं तेच खरं वाटतं, हेही तिला कळत होतं.

प्रथमोपचाराचं पुस्तक टेबलामागच्याच फळीवर होतं. तिने ते ओढून काढलं आणि मागची सूची उघडली. 'कॉस्टिक' नव्हतं. मग 'सोडा' बघितलं, तेही नाही. सूचीकाराच्या डोक्याने विचार कर, बाई सांगायच्या. त्याने याला काय म्हटलं असेल? तिने 'दाहक' काढलं. सापडलं. पान उघडायच्या आत तिने पुस्तकाची आवृत्ती बघितली, गेल्या वर्षाचीच होती. मजकूर ठळक अक्षरांत होता. उलटी करवू नये, कारण जाताना भाजलेला घसा येताना पुन्हा भाजतो. आंबट काही देऊ नये. तोंड पाण्याने धुवावं आणि रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात हलवावं.

"तोंड धुवायला सांग. चूळ भरून टाकायची, गिळायची नाही. मीठ नाही, लिंबू नाही," चौकशीने सांगितलं आणि वेणीवालीने रडत रडत ते फोनमध्ये जसंच्या तसं म्हटलं.

"काय चाललंय?" परीक्षक उभे राहिले होते. "तुमचा प्रश्न अजून सुटलेला नाही."

"सर, तुमच्या हाताशी फोन नंबरांची निर्देशिका आहे. त्यातून रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाला फोन लावा. मुलींचं वसतिगृह, कॉस्टिक सोडा गिळलाय, रुग्णवाहिका पाठवा म्हणावं. लगेच, सर!"

परीक्षार्थीने परीक्षकाला कामाला लावलेलं त्या ग्रंथालयाने याआधी बघितलं नसावं. पण त्यांनी चष्मा चढवला, निर्देशिका उघडली आणि टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर उचलला.

तेवढ्यात वेणीवालीने चौकशीचं मनगट घट्ट धरलं.

"रुग्णवाहिका नको. वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना कळेल. लॅबमधून काही बाहेर नेलं तर नाव काढून टाकतात. आम्ही रिक्षाने नेतो गुपचूप. तू म्हणालीस ना, इथलं इथेच राहतं?"

म्हणाली होती. तोंडातून गेलेला शब्द होता तो. बाईंचा दुसरा धडाही हाच होता. टेबलावर विचारलेलं टेबलावरच राहिलं पाहिजे, नाहीतर उद्या कोणी तोंड उघडणार नाही. चौकशीने त्या मुलीच्या डोळ्यांत बघितलं. रिक्षा कधी मिळणार? वाटेत त्या मैत्रिणीचा श्वास अडकला तर?

"मी शब्द मोडतेय," ती म्हणाली. "पुढे हवं तेवढं भांड माझ्याशी." आणि मनगट सोडवून घेऊन ती वसतिगृहाच्या दिशेने धावली, रेक्टरबाईंना रुग्णवाहिकेसाठी फाटक उघडायला लावायला. तिच्यामागून वेणीवाली, दोन वेगवेगळ्या चपलांत अडखळत.

खोलीत मैत्रीण भिंतीला टेकून बसली होती. तोंडातून लाळ गळत होती. शेजारी तिसरी, आणि जमिनीवर मिठाच्या पाण्याचा भरलेला ग्लास. रेक्टरबाईंनी आधी दाराबाहेरच्या बेसिनकडे बघितलं, मग बाटलीकडे, आणि त्यांचा चेहरा उतरला. स्वतःच त्या मुलीला आधार देऊन जिन्यावरून उतरवू लागल्या. रुग्णवाहिका फाटकात आली, तेव्हा परीक्षक तिथे उभे राहून चालकाला हात करत होते.

मैत्रीण वाचली. घसा आतून भाजला होता, बरेच दिवस नळीवाटे अन्न द्यावं लागलं. उलटी झाली असती तर अन्ननलिकेचं काय झालं असतं ते सांगता येत नाही, असं डॉक्टर तिच्या आईवडिलांना म्हणाले.

परीक्षा मात्र तिथे संपली नव्हती. दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षेत परीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला. "वाचकाला गुप्ततेचा शब्द दिलात आणि लगेच मोडलात. समर्थन करा."

"समर्थन नाही, सर. शब्द द्यायच्या आधी मी पूर्ण ऐकून घ्यायला हवं होतं, ती चूक झाली. पण जीव जात असेल तर मी तो पुन्हा मोडेन."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "आणि तो शास्त्रज्ञ?"

"तो राहिला, सर."

"त्याचे गुण मिळणार नाहीत."

"हो, सर."

त्याच आठवड्यात कॉलेजने चौकशी समिती नेमली. चौकशीला चौकशीसाठी बोलावलंय, असा विनोद वर्गात लगेच झाला, पण तिला हसू आलं नाही. प्राचार्यांच्या खोलीत रेक्टरबाई धरून पाच जण बसले होते. रसायनशास्त्राचे विभागप्रमुख लालबुंद झाले होते. रुग्णालयातली मुलगी बोलू शकत नव्हती, तिसरीला काही माहीत नव्हतं, आणि वेणीवाली गप्प होती.

"तुला तिने सगळं सांगितलं होतं," प्राचार्य म्हणाले. "बाटली प्रयोगशाळेतून कोणी आणली?"

चौकशीला ते लख्ख आठवत होतं. वेणीवालीनेच आणलं, तिने आपल्या तोंडाने कबूल केलं होतं.

"डॉक्टरांना लागणार होतं तेवढं मी सांगितलंय, सर. काय प्यायली आणि किती प्यायली. बाकीचं टेबलावरचं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ते तिने ग्रंथालयात मदत मागताना सांगितलं. मैत्रिणीचा जीव वाचवायला ते मला लागलं नाही. आता तुम्हाला सांगितलं, तर ते फक्त शिक्षेसाठी होईल."

विभागप्रमुखांनी टेबलावर हात आपटला. "हिला कायदा शिकवायला बोलावलंय का आपण?"

"पोरी," प्राचार्य शांतपणे म्हणाले, आणि त्या शांतपणाचीच तिला भीती वाटली, "तुझा निकाल याच कार्यालयातून पुढे जायचाय. नीट विचार कर."

वडिलांचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला. काकांचाही. आयुष्यभर सगळ्यांना प्रश्न विचारणारी ती, पण इतकं जड उत्तर तिला कधी द्यावं लागलं नव्हतं.

"केलाय विचार, सर. नाही सांगणार."

कोपऱ्यात तिच्या बाई बसल्या होत्या. इतका वेळ त्या खाली बघत होत्या. आता त्यांनी मान वर केली. "मीच शिकवलंय तिला हे. तिचा निकाल अडवायचा असेल, तर आधी मला विचारावं लागेल. बेसिनच्या तक्रारींचं काय झालं, तेही मग त्याच बैठकीत विचारू." रेक्टरबाईंनी यावर डोळ्यांना पदर लावला. प्राचार्यांनी घड्याळाकडे बघून बैठक उद्यावर टाकली.

ती बैठक पुन्हा भरलीच नाही. कारण संध्याकाळी वेणीवाली स्वतः प्राचार्यांकडे गेली आणि मी आणलं म्हणाली. तिचं नाव काढलं नाही, पण उरलेल्या वर्षासाठी तिला वसतिगृह सोडावं लागलं. चौकशीचा निकाल इतरांपेक्षा उशिरा लागला, पण लागला. शास्त्रज्ञाचे गुण खरंच कापले होते. प्रत्यक्ष वाचकसेवेचे मात्र सगळे दिले होते.

वसतिगृह सोडायच्या दिवशी वेणीवाली खोलीवर नेलेली पुस्तकं परत करायला आली. चौकशी तेव्हा त्याच टेबलावर उमेदवारी करत होती. वेणीवालीने पुस्तकांचा गठ्ठा धाडकन ठेवला आणि तिच्यासमोर उभी राहिली. डोळे सुजलेले होते.

"काल दवाखान्यात मैत्रिणीला बघून आले. कुजबुजल्यासारखं बोलते आता. ती म्हणाली, माझा फोन गेला तेव्हा ग्लास तिच्या ओठांना लागला होता." ती थांबली. "आणि मला आता आत्याकडे राहायला जायचंय. ती उठता-बसता टोमणे मारते. तुझे आभार मानू की तुझ्याशी भांडू, मला कळतच नाहीये."

"दोन्ही कर," चौकशी म्हणाली. "पण हळू आवाजात. लोक वाचतायत."

वेणीवालीच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला आणि मध्येच फुटला. चौकशीने शेजारची खुर्ची ओढून दिली. ती बसली. मग चौकशीने विचारलं, "आत्या कुठे राहते? तिकडून कॉलेजला यायला बस आहे का?"