डाव्या कोपऱ्याची किंमत

दोन हजार सहा साली मनोजशेठने कबड्डीसुद्धा कागदावर आणली. दापोड्यात चार गोडाऊन चालवणारा माणूस. कुठला माल फिरतोय आणि कुठला नुसता पडून आहे, हे लिहिलेलं बघितल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. गावच्या कबड्डी मंडळाचा अध्यक्ष झाल्या झाल्या त्याने प्रत्येक सामन्याला कारकून बसवला आणि कोणी किती पकडी केल्या ते टिपून घेतलं. सहा सामन्यांत तरुण प्रितमच्या सत्तावीस. त्याच्या शेजारी उभा राहणाऱ्या हिरामणच्या चार.

हिरामण एकोणीस वर्षं संघाच्या डाव्या कोपऱ्यात उभा होता. चाळिशीला टेकलेला, मनोजशेठच्याच गोडाऊनमध्ये हमाली करणारा. बायको गेलेली, मूलबाळ नाही. संध्याकाळी मैदानावर आला की माणसात यायचा. बाकी त्याच्याकडे होतं काय?

नारपोलीची स्पर्धा आठवड्यावर आली तेव्हा मंडळाची बैठक बसली. स्पर्धेला एका मोठ्या कंपनीची माणसं खेळाडू निवडायला येणार होती. निवड झाली की नोकरी पक्की. डाव्या कोपऱ्यात हिरामणला ठेवायचं की राखीव गड्यांतल्या गंधारला घ्यायचं, यावर घोळ चालला होता. जुनी माणसं म्हणत होती, कोपरा हलवू नका. मनोजशेठ म्हणत होता, चार पकडींसाठी जागा कशाला अडवायची? शेवटी प्रितमला आत बोलावलं.

"तू त्याचा हात धरून उभा राहतोस," मनोजशेठ म्हणाला. "हिरामणचा उपयोग हाय का न्हाय, तूच सांग."

आता खरं काय ते त्या खोलीत एकट्या प्रितमला ठाऊक. बचाव करताना कोपऱ्यातला आणि त्याच्या शेजारचा हातात हात घालून उभे राहतात. चढाईवाल्याचा पाय कधी पुढे पडला, तोल कधी गेला, ते हिरामणला दिसायचं. तो प्रितमचा पंजा दाबायचा. पंजा दाबला की प्रितम झेपावायचा, आणि कारकून प्रितमचं नाव लिहायचा. सत्तावीसच्या सत्तावीस वेळा असंच झालं होतं. स्वतःच्या अकलेने प्रितमने एकदाही उडी घेतली नव्हती. आणि हिरामणच्या चारच का? अहो, त्याच्या कोपऱ्यात पाय टाकायला कोणी धजावतच नव्हतं, मग तो पकडणार कोणाला?

हे सांगायला कितीसा वेळ लागतो? पण सांगितलं की सत्तावीस पकडी नेमक्या कोणाच्या, हा प्रश्न आलाच. तो कंपनीवाल्यांच्या कानावर गेल्याशिवाय राहतो होय?

"गुडघे गेलेत दादाचे," तो म्हणाला. "आता न्हाय जमत त्याला."

हिरामणला राखीव बसवलं. दुसऱ्या दिवशी सरावाला त्याने प्रितमला बाजूला घेतलं. तक्रार नाही की काही नाही. मनगटाची पट्टी सोडत म्हणाला, "तू भांडला असशील माझ्यासाठी. मला ठाऊक हाय."

प्रितमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्याने मान डोलावली. कसली ही जीभ, जिला एवढंही खरं बोलवेना!

नारपोलीला गंधार कोपऱ्यात उतरला. शाळेच्या मास्तरांचा मुलगा, अंगाने दणकट, वाईट नव्हता बिचारा. पण त्याने प्रितमचा हात एसटीची दांडी धरावी तसा घट्ट धरून ठेवला. प्रितम पंजा दाबला जाण्याची वाट बघत राहिला. चढाईवाले येत होते, गडी बाद करून परत जात होते. मध्यंतराला संघ अकरा गुणांनी मागे होता आणि प्रितमची एकही पकड नव्हती.

मनोजशेठ घामाघूम होऊन राखीव गड्यांकडे गेला. हिरामण लगेच उठला. त्याच्या तोंडावरचा आनंद लपत नव्हता.

"चुकलंच आमचं," मनोजशेठ सगळ्यांदेखत म्हणाला. "पण आम्ही तरी काय करणार? गुडघे गेलेत असं प्रितमनेच सांगितलं."

हिरामणने प्रितमकडे पाहिलं. मग तो मैदानात गेला आणि आपल्या कोपऱ्यात उभा राहिला. प्रितमने हात पुढे केला. हिरामणने तो घेतला नाही.

पहिलाच चढाईवाला आत शिरला. हिरामणने एकट्याने खाली सूर मारून त्याचा घोटा धरला. अशा वेळी शेजारच्याने वरून झेप घेऊन चढाईवाल्याला मागे लोटायचं असतं. इशारा आला नाही, आणि प्रितम जागच्या जागी उभा राहिला. चढाईवाला अख्खा हिरामणच्या गुडघ्यावर कोसळला. हाड मोडल्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत गेला. पंचांची शिट्टी होईपर्यंत हिरामणने घोटा सोडला नाही.

लोक उभे राहून त्याच्या नावाने ओरडू लागले. प्रितम धावत गेला, वाकला, त्याच्या खांद्याखाली हात घालू लागला.

"तू हात लावू नको," हिरामण म्हणाला.

चौघांनी त्याला उचलून टेम्पोत घातलं. पाय गुडघ्यापासून नुसता लोंबत होता. तो आता मैदानावर काय, हमालीलाही उभा राहणार नाही, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

सामना थांबत नसतो. मनोजशेठने प्रितमला डाव्या कोपऱ्यात सरकवलं आणि शेजारी गंधारला उभं केलं. कंपनीची माणसं समोरच खुर्च्यांवर बसली होती. गंधारने त्याचा हात धरला आणि हळूच विचारलं, उडी कधी घ्यायची ते सांगशील ना? चढाईवाला मध्यरेषा ओलांडून सरळ प्रितमकडे यायला निघाला होता. प्रितमने हिरामणपुढे डोलावली होती तशीच गंधारपुढेही मान डोलावली.