पायांची प्रत

कॉम्प्युटरच्या पोटातून टकटक ऐकू यायला लागली तेव्हा थोरलीने कात्री खाली ठेवली. कारखाना दोनच खोल्यांचा. पुढच्या खोलीत चामडं, शिलाई मशीन, लाकडी साचे. मागच्या खोलीत पायांचा आकार टिपणारा स्कॅनर आणि त्याला जोडलेला तो जुनाट कॉम्प्युटर. वाकडे, आखूड, अपघातात चिरडलेले असे पाय असलेली माणसं इथे बूट शिवून घ्यायला येत. दोघी बहिणींनी मिळून हा उद्योग उभा केला होता. चामडं थोरलीचं, कॉम्प्युटर धाकटीचा. पण धाकटीने पन्नाशीत लग्न केलं आणि नवऱ्याबरोबर दूर निघून गेली.

थोरलीने तिला फोन लावला.

"ताई, नवा कॉम्प्युटर घे ना सरळ," धाकटी म्हणाली. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"नव्यावर स्कॅनर चालत नाही. त्याची कंपनीच बंद पडलीय."

"मग आधी बॅकअप घे. बरं, पाहुणे आलेत गं, नंतर बोलू."

नंतर काही फोन आला नाही.

थोरलीने मोबाइलवर शोधाशोध केली. बॅकअप घेणारं एक सॉफ्टवेअर उतरवून पेन ड्राइव्हवरून नेलं, तर त्याने जुन्या विंडोजचं तोंड बघताच नकार दिला. दुसरं चाललं, पण त्याला सारखं इंटरनेट हवं. आणि हा कॉम्प्युटर इंटरनेटला जोडायचा नाही, असं धाकटीने बजावून ठेवलेलं. कॉम्प्युटर दुकानदार म्हणाला, "बाई, याला आता हार घालायचा."

शेवटी एक छोटं सॉफ्टवेअर सापडलं. बनवणाऱ्याने त्याची जुनी आवृत्ती अजून वेबसाइटवर ठेवली होती आणि खाली फोन नंबर दिला होता. फोन एका म्हाताऱ्या माणसाने उचलला.

"फक्त फाइल्स हव्यात, की अख्ख्या डिस्कची प्रत?" त्याने विचारलं.

"फरक काय पडतो?"

"डिस्क गेली तर नुसत्या फाइल्स घेऊन काय कराल? स्कॅनरचा प्रोग्रॅम पुन्हा टाकायला त्याची सीडी आहे का?"

"नाही."

"मग अख्खी प्रत घ्या. आणि एक सीडी बनवा, कॉम्प्युटर उठेनासा झाला तर त्याच सीडीवरून सुरू करता येईल. प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवूनही बघा. तपासलं नाही तर बॅकअप आहे असं धरून चालू नका."

तिने सॉफ्टवेअर टाकायला घेतलं. मध्येच स्क्रीनवर प्रश्न आला: हा कॉम्प्युटर वापरणाऱ्या सगळ्यांसाठी, की फक्त तुमच्यासाठी? थोरली बराच वेळ त्या दोन गोलांकडे बघत बसली. मग 'फक्त माझ्यासाठी'वर टिचकी मारली.

बाहेरून जोडलेल्या डिस्कवर प्रत झाली, सीडीही झाली. तपासणीसाठी दुसरी डिस्क आणली, पण तोवर सोमवार उजाडला आणि कॉम्प्युटर उठलाच नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ, आणि टकटकसुद्धा बंद. दुपारी एक बाई मुलीला घेऊन येणार होती. मुलीचा पाय वाढला होता, जुन्या मापाशी ताडून बघायचं होतं.

थोरलीने स्क्रू काढले, डिस्क बदलली, सीडी घातली. पडद्यावर हिरवी पट्टी गोगलगाईसारखी सरकत राहिली. शेवटी कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला आणि स्कॅनरचा दिवा लागला. मुलीचे पाय जिथल्या तिथे होते. कितीतरी माणसांचे होते. त्यातली काही तर आता या जगातही नव्हती.

संध्याकाळी तिने धाकटीला सगळं लिहून पाठवलं. उत्तरात अंगठा आला.

मग तिने म्हाताऱ्याला फोन केला. "चाललं तुमचं सॉफ्टवेअर. एवढंच सांगायचं होतं."

"लोक अडलं की फोन करतात," तो म्हणाला. "चाललं म्हणून कुणी करत नाही. त्या डिस्कमध्ये आहे तरी काय एवढं?"

"पाय," ती म्हणाली, आणि मग सांगतच राहिली. त्याने एकदाही मध्ये तोडलं नाही.

"पुढची प्रत कधी घेणार?"

"शनिवारी."

"झाली की कळवा. नाही कळवलंत तरी काही बिघडत नाही."

शनिवारी प्रत घेऊन झाल्यावर तिने फोन लावला. बराच वेळ वाजला. ती ठेवणार तोच त्याने उचलला. धाप लागलेली होती.

"झाली?"

"झाली."

पुढे काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना. पण फोन कुणी ठेवला नाही.