चार बोटे आणि एक अंगठा

मित्रांनो, उजव्या हाताची मूठ वळा. मुठीत एक उभी काठी धरली आहे असे समजा. अंगठा मात्र मोकळा सोडा आणि काठीच्या डोक्यावर टेकवा. आता डोळे मिटा. तुम्ही ढगांच्याही वर आहात, आणि तुमच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये मी उभा आहे.

मी एका इटालियन लढाऊ विमानाचा जुना दांडा आहे. मला पुढे ढकलले की विमान नाक खाली घाली, मागे ओढले की वर चढे. बाजूला झुकवले की त्या बाजूला कलंडे. माझ्या पुढच्या अंगाला एक पट्टी होती. चार बोटांनी ती आवळली की चाकांचे ब्रेक लागत. माझ्या डोक्यावर, एका छोट्या झाकणाखाली, कळ होती. तिच्यावर अंगठा दाबला की विमानाच्या नाकावरच्या दोन मशीनगन धडाडत. थांबवणे आणि मारणे, दोन्ही एकाच मुठीत!

उत्तरेतल्या एका कारखान्यात मला एका बाईने घडवले. तिने मला स्वतःच्या हातात धरून पाहिले. एक कंगोरा टोचला, म्हणून तो पुन्हा कानशीने घासला. कुणाच्या तळहाताला फोड येऊ नये, एवढीच तिला काळजी.

तिथून मी सिसिलीत आलो. आमच्या विमानाची निगा सारो नावाचा मिस्त्री राखी. त्याची मुलगी आगातिना रोज त्याच्यासाठी पाव आणि कांदा घेऊन येई. एकदा त्याने तिला वैमानिकाच्या जागी बसवले.

"पापा, हे दाबू?"

"अंगठा वर! चार बोटांनी थांबव. अंगठा सैतानाचा असतो, त्याला फुकटचं काम द्यायचं नाही."

तळावरचा आचारी बास्तिआनो खेचराला पाणी पाजत होता. तो ओरडला, "अरे सारो, पोरीलाच पाठव वर! निदान जेवायच्या वेळेला तरी परत येईल."

आमचा वैमानिक लेफ्टनंट तुल्लिओ मिसरूड फुटलेला पोरगाच होता. लढाईत तो मला दातओठ खाऊन म्हणे, "वळ रे गाढवा, वळ!" एकदा आमच्या गोळ्या शत्रूच्या विमानाच्या पोटात शिरल्या. त्यातून एक माणूस बाहेर पडला. त्याची हवाई छत्री उघडली, पण ती पेटलेली होती. तो दिसेनासा झाला, तरी तुल्लिओचा अंगठा माझ्या कळीवर दाबलेलाच होता. उतरल्यावर लोकांनी त्याला खांद्यावर घेतले. माझ्यावरचा घाम सारोने पुसला.

मग १९४३ चा जुलै आला. त्या सकाळी भोंगा वाजला आणि तळावरची माणसे धावपट्टीच्या टोकाला असलेल्या टेकडीतल्या गुहेत शिरली. पाव घेऊन आलेली आगातिनाही त्यांच्यात होती. वर शत्रूची चार-पाच विमाने आमच्या मागे लागली. एका गोळीने तुल्लिओचा डावा खांदा फोडला. काच फुटून त्याच्या डोळ्यांत रक्त उतरले. तशाही अवस्थेत त्याने विमान खाली आणले. उतरताना कळीवरचे झाकण लावायचे, हे मात्र तो विसरला.

विमान थांबले ते नेमके गुहेकडे तोंड करून. तुल्लिओच्या चार बोटांनी ब्रेक आवळलेला होता. निकामी डावा हात वेगाच्या तरफेवर पडल्यामुळे इंजिन गर्जतच होते.

"मागे आहेत... मागे आहेत..." तो पुटपुटत होता. त्याच्या लेखी तो अजून आकाशातच होता.

गुहेच्या तोंडाशी खेचर घेऊन उभा असलेला बास्तिआनो पुढे आला. अंगावरचा एप्रन काढून तो हलवू लागला. "अहो साहेब, पोचलात घरी!"

अंगठा खाली आला. बास्तिआनो पडला, त्याच्यावर खेचर पडले. गुहेत किंकाळ्या उठल्या. त्यातली एक सारोने ओळखली; तो विमानाची वाट पाहत धावपट्टीच्या कडेच्या खंदकात थांबला होता.

तो मागून धावत येऊन पंखावर चढला. तुल्लिओचा हात ओढून काढावा, तर ब्रेक सुटून विमानाच्या नाकावरचा फिरता पंखा गुहेत घुसणार. न काढावा, तर अंगठा तिथेच.

"साहेब, अंगठा वर घ्या! जमिनीवर आहात तुम्ही!"

"कोण आहेस तू? सोड मला!"

अंगठा पुन्हा दाबला गेला. गुहेच्या कपारीचे दगड उडाले. सारोने तो अंगठा पकडला आणि मागे वाकवला. कट्‌कन मोडेपर्यंत वाकवला. तो आवाज माझ्या डोक्यावरच झाला, मित्रांनो. बोटे सुटली, चाके हलली, विमान पुढे सरकले. सारो डोक्याकडून आत कोसळला आणि त्याने स्वतःच्या चार बोटांनी माझी पट्टी आवळली. डाव्या हाताने रक्तात चाचपडत त्याने इंजिन बंद केले. पंखा थांबला तेव्हा त्याचे पाते बास्तिआनोच्या एप्रनपासून हातभरच दूर होते, इतके आम्ही जवळ पोचलो होतो.

तुल्लिओला उचलून नेले. तो जगला. सारो मात्र मला सोडीना. "झालं रे, सोड आता," सैनिक म्हणाले. एकाने त्याचे मनगट ओढले, तशी पकड आणखी घट्ट झाली. थांबवण्यासारखे काहीच उरले नव्हते, तरी तो थांबवतच होता.

आज मी आगातिनाच्या अंगणात कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराची मूठ आहे. माझी कळ कधीच गळून गेली. त्या भोकात कोळी राहतो. माझी निगा राखा असे मी सांगणार नाही, मित्रांनो. आपल्या हातांची राखा. आवळायला हात आपोआप शिकतो. उघडायला त्याला कुणीतरी शिकवावे लागते. तुमची मूठ अजून वळलेली आहे ना? मग शेवटचे ऐका.

आगातिना गुहेतून बाहेर आली. बास्तिआनोपाशी क्षणभर थांबली, त्याचा एप्रन त्याच्या तोंडावर ओढून दिला. मग ती पंखावर चढली. तिने आधी बापाची करंगळी उचलली. मग तिच्या शेजारचे बोट, मग मधले, मग चौथे. अंगठा वरच होता. तो तिने आपल्या मुठीत धरून ठेवला.