आधी पान, मग चहा

"अहो, झालं का पान? चहा निवतोय," सोयराबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"स्वल्प थांब गं. दोन ओळी राहिल्यात."

त्यांनी चहावर ताटली झाकली. स्वतःच्या कपावरही झाकली. कानडी शहरातल्या, चामराजपेटेतल्या त्या दोन खोल्यांत हा नेम अठरा वर्षं चालला होता. विठोजी आंघोळ करून, देवाला फूल वाहून बसायचे आणि जपानी व्याकरणाचं एक पान लिहायचे. ते होईतो तोंडात पाणीसुद्धा नाही. त्यांचं पान झाल्याशिवाय सोयराबाईही चहा घेत नसत. हे त्यांनी नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं.

कारखान्यात पहिली जपानी यंत्रं आली, तेव्हा बरोबरची पुस्तकं कुणालाच वाचता येईनात. ड्रॉइंग ऑफिसातल्या कारकुनाला, म्हणजे विठोजींना, त्याचं वाईट वाटलं. अव्हेन्यू रोडवरच्या रद्दीत त्यांना एक जुना कोश आणि युद्धाआधीचं एक व्याकरण मिळालं. महिन्याभरात त्यांच्या ध्यानात आलं की ही भाषा परकी नाहीच. क्रियापद शेवटी, आपल्यासारखं. आपले 'ला', 'नं', 'त' जसे नामाच्या पाठीशी असतात, तसे त्यांचेही लहानगे शब्द नामामागे उभे. मान द्यायचा तर क्रियापदच वाकतं. 'काल आलेला माणूस' असं आपण म्हणतो, तेही तसंच म्हणतात. इंग्रजीतून शिकणाऱ्याला जिथं घाम फुटेल, तिथं विठोजी घरच्यासारखे वावरत. एकेका यंत्राचं पुस्तक त्यांनी भाषांतर करून दिलं. त्यांच्या अक्षरातले कागद प्लॅस्टिकमध्ये घालून अजून यंत्रांवर टांगलेले होते.

आता १९९६ साल होतं. कारखान्यात जपानी भागीदार येणार होता आणि स्वेच्छानिवृत्तीची यादी लागणार होती. यादीत विठोजींचं नाव होतं. वयाची बावन्न वर्षं, आणि ड्रॉइंग ऑफिसात तर आता संगणक आले होते.

"काका, मी साहेबांना सांगितलंय," पुण्याहून आलेला तरुण मॅनेजर शंतनु म्हणाला होता. "आपल्याकडे जपानी येणारा माणूस आहे, बाहेरचा इंटरप्रिटर कशाला? बुधवारची मीटिंग तुम्ही सांभाळा, मग यादीचं मी बघतो. बोलाल ना त्यांच्याशी?"

"बोलेन की," विठोजी म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं.

बुधवारी पान संपवून, चहा घेऊन, इस्त्रीचा सदरा घालून ते निघाले. कारखान्याच्या फाटकातच बेळगावकडचा कामगार मल्लाप्पा भेटला. "काय अण्णा, आज एकदम नवरदेव! जपानला गेलासा तर आमास्नी इसरू नका हं."

भागीदारांकडून आलेले जपानी पाहुणे मिझुतानी ठेंगणे, पन्नाशीचे. मीटिंगच्या टेबलाशी बसले आणि बोलू लागले.

विठोजी ऐकत राहिले. कागदावर कसं, चित्रासारखी अक्षरं नदीतल्या खांबांसारखी उभी असायची. त्यांना धरत धरत पलीकडे जाता यायचं. इथं नुसतं पाणीच. एक शब्द कुठं संपतो, दुसरा कुठं सुरू होतो, काही कळेना. मिझुतानी थांबले. सगळे विठोजींकडे बघू लागले. अठरा वर्षांत आपण ही भाषा कुणाच्या तोंडून एकदाही ऐकली नाही, हे त्यांना त्या घटकेला उमगलं.

त्यांनी पाठ करून आणलेलं स्वागताचं वाक्य म्हटलं. एकही प्रत्यय चुकला नव्हता.

मिझुतानींनी मान किंचित कलती केली आणि अदबीनं म्हणाले, "सॉरी. माय इंग्लिश इज नॉट गुड."

कुणीतरी खुर्ची मागे सरकवली. शंतनु खाली बघू लागला.

विठोजींनी कागद ओढला आणि तेच वाक्य लिहिलं. मिझुतानींनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला. मग खाली स्वतः दोन ओळी लिहिल्या आणि कागद दोन्ही हातांनी पुढे केला.

"काय म्हणतायत?" शंतनुनं घाईनं विचारलं.

लिहिलं होतं, 'असं जुन्या वळणाचं लिहिणारे माझे आजोबा शेवटचे. आपण कुणाजवळ शिकलात?'

"काही नाही. पंपाच्या दाबाचं विचारतायत," विठोजी म्हणाले.

"हे असं लिहीतच बसणार का दिवसभर?" मोठ्या साहेबांनी घड्याळ पाहिलं.

दुपारी कोरमंगलाहून भूमिका नावाची मुलगी आली. जपानीचा वर्षभराचा क्लास केलेली. ती हसत, अडखळत, हातवारे करत बोलत होती. पाहुणेही हसत होते. तिच्या वहीत विठोजींना दोन ठिकाणी चुकीचे प्रत्यय दिसले. काम मात्र भराभर पुढं गेलं.

संध्याकाळी शंतनु जिन्यात भेटला. "काका, आधी सांगायचंत हो. आता माझ्या हातात काही नाही राहिलं. यादी तशीच गेली."

"सरी, ठीक आहे," विठोजी म्हणाले. "तुमची काही चूक नाही."

घरी आल्यावर त्यांनी बायकोला एवढंच सांगितलं, "महिन्याअखेर घरी बसायचंय." सोयराबाईंनी देवापुढची वात सारखी केली.

दुसऱ्या दिवशी विठोजींनी नेहमीसारखी आंघोळ केली. फूल वाहिलं. वही उघडली, तारीख घातली. सोयराबाईंनी दोन्ही कपांवर ताटल्या झाकल्या.

"अगं, चहा दे."

त्या दारात आल्या. पान कोरं होतं. पेनाचं टोपण लावलेलं होतं.

"गरम करून देऊ?"

"असू दे. तसाच दे."

त्यांनी कप आणून दिला. विठोजी खिडकीकडे तोंड करून एकेक घोट प्यायला लागले.

सोयराबाई आत आल्या. आपल्या कपातला चहा त्यांनी पातेल्यात परत ओतला आणि वर ताटली झाकून ठेवली.